धूर मोजा, वय कशाला मोजता?

आमच्या मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला 'आय.सी. इंजिन्स' नावाचा विषय आहे. त्यातलं शेवटचं युनिट प्रदूषणाचं. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सगळे एकच टेबल घोकत बसतात. भारत स्टेज २ ला किती, ३ ला किती, ४ ला किती आणि ६ ला किती. (५ कुठे गेलं, हा व्हायव्हातला आवडता प्रश्न! उत्तर : जानेवारी २०१६ मध्ये सरकारने ५ वगळून एकदम ६ वर उडी मारायचं ठरवलं.) पाठ केलं, लिहिलं, मार्क मिळाले, विसरलो. पण त्या टेबलातल्या एकेका ओळीत कुणाची तरी गाडी बसलेली असते आणि त्या गाडीवर कुणाचं तरी घर चालत असतं. अशी एक गाडी आमगावला माझ्या मामाजींच्या दारात उभी आहे. म्हणून हा लेख.

'आमगाव कुठे आलं?' हा प्रश्न मला हॉस्टेलमध्ये इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर इथेच छापून टाकतो. गोंदिया जिल्हा, हावडा-मुंबई रेल्वेलाइन, गोंदियाच्या पुढे छत्तीसगडच्या दिशेला. एकीकडे सालेकसा, दुसरीकडे देवरी, आणि राज्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातलं लांजी. संस्कृत नाटककार भवभूती आमच्या जवळच्या पद्मपूरचा, असं आम्ही अभिमानाने सांगतो. पण भवभूतीवर कुणाचं पोट भरत नाही, पोट भरतं धानावर. खरिपाचा धान दिवाळीच्या सुमाराला निघतो, उन्हाळी धान मे-जूनमध्ये. आधारभूत केंद्रांवर मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ धान घेतं, तो राईस मिलला जातो, आणि मिलचा तांदूळ सरकारी गोदामात. एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा, हा भरडाईचा हिशेब आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. शेत ते केंद्र, केंद्र ते मिल, मिल ते गोदाम, सगळीकडे ट्रक. आणि हंगाम संपला की तेच ट्रक आठवडेच्या आठवडे उभे.

मामाजींची गाडी सहाचाकी, २००८ मॉडेल. ते तिचे तिसरे मालक. पहिल्या मालकाने नवी घेतली, दुसऱ्याने पिळून काढली, आणि मग ती मामाजींकडे आली. आपल्या देशात ट्रकचा प्रवास असाच असतो. नवी गाडी मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे, पाच-सहा वर्षांनी दुसऱ्याकडे, आणि शेवटी तालुक्याच्या गावी, एका गाडीच्या मालकाकडे. तो स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर आणि अर्धा मिस्त्री. देशातल्या बहुतेक ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या आहेत. आपण 'ट्रान्सपोर्ट लॉबी' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर पंचतारांकित हॉटेलात बसलेला शेठ येतो, बनियनवर नोझल साफ करणारा माणूस येत नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे 'एमिशन नॉर्म्स' हा शब्द तोंडात सहज येतो. मामाजी त्याला 'धुराचा कायदा' म्हणतात. मला त्यांचाच शब्द जास्त नेमका वाटतो, कारण कायदा धुरासाठीच असायला हवा. तसा तो आहे का, हा खरा मुद्दा.

आधी एक गोष्ट साफ सांगतो, नाहीतर वाटेल की भाचा मामाची वकिली करतोय. नियम हवेतच. डिझेलच्या धुरामुळे कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केलं आणि या धुराला पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. धान खरेदीच्या दिवसांत मिलच्या दारात गाड्यांची रांग लागते. इंजिनं सुरू ठेवून गाड्या इंचाइंचाने पुढे सरकतात आणि हमाल त्या धुरात पाठीवर कट्टे घेऊन उभे असतात. त्यांना ना मास्क, ना मोबदला. ट्रकमालक गरीब आहे हे खरं, पण हमाल त्याच्याहून गरीब आहे. त्यामुळे 'गरीब माणसाचा धूर चालवून घ्या' हे म्हणणं मला मान्य नाही.

आणि नियमांनी काम केलंय, हे त्या टेबलातच दिसतं. जड डिझेल इंजिनाने एक किलोवॅट-तास काम करताना किती काजळी सोडायची याची मर्यादा २००० साली ०.३६ ग्रॅम होती. स्टेज २ ला ०.१५, स्टेज ३ ला ०.१०, स्टेज ४ ला ०.०२ आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या स्टेज ६ ला ०.०१. म्हणजे वीस वर्षांत छत्तिसावा भाग! (चाचणीची पद्धत मध्ये बदलली, हे सर विचारतील म्हणून आधीच सांगतो. तरीही फरक प्रचंडच.) नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा ८ ग्रॅमवरून ०.४ वर आली. डिझेलमधलं गंधक स्टेज ३ च्या वेळी दहा लाख भागांत ३५० भाग होतं, आता १० आहे. रिफायनऱ्यांनी पैसा ओतला, कंपन्यांनी इंजिनं बदलली. इंजिनिअर म्हणून याचा मला अभिमानच वाटतो.

पण हे सगळं नव्या गाडीचं झालं. जुन्या गाडीचं काय करायचं, इथे आल्यावर आमच्या धोरणकर्त्यांनी धूर मोजायचं सोडून दिलं आणि जन्मतारीख बघायला सुरुवात केली.

उदाहरणं बघा. महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की लागू. किती धूर सोडते, किती धावते, याच्याशी संबंध नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या जड मालवाहू गाडीच्या पासिंगची, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाची फी १२,५०० रुपये झाली. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी असतं, त्यामुळे हा खर्चही दरवर्षी. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि वीस वर्षांवरच्या जड गाडीची फी २५,००० वर गेली. दिल्लीत तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या सरळ बंदच केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग त्या गाड्या गेल्या कुठे? हवेत विरघळल्या नाहीत. 'ना हरकत' घेऊन दुसऱ्या राज्यांत, लहान गावांत विकल्या गेल्या. दिल्लीचा धूर दिल्लीतून गेला, देशातून गेला नाही.

मामाजी म्हणतात, "धूर निघते त धूर नाप ना बाबू! जन्मतारीख कायले पाह्यते? अन् गाडी त सहा महिने उभीच रायते. उभ्या गाडीचा धूर कोनाले लागते?"

यातला दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर कागदावर काढता येतं. मी काढलं. त्यांच्या गाडीला बारा वर्षं झाल्यावर नॅशनल परमिट मिळणं बंद झालं (साध्या, म्हणजे मल्टिअ‍ॅक्सल नसलेल्या गाडीला वयाची ही अट आहे), त्यामुळे लांजीकडचं भाडं गेलं. आता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, केंद्र ते मिल आणि मिल ते गोदाम. त्यांच्या डिझेलच्या वहीवरून वर्षाला साधारण १२,००० किलोमीटर निघतात. हायवेवर पळणारी मोठ्या मालकाची गाडी वर्षाला लाखाच्या आसपास जाते. सोयीसाठी धरा की दोन्ही गाड्या एका किलोमीटरला सारखंच काम करतात आणि आपापल्या स्टेजच्या मर्यादेइतकाच धूर सोडतात. मग मर्यादेला किलोमीटरने गुणायचं. एकक महत्त्वाचं नाही, तुलना महत्त्वाची.

मामाजींची स्टेज २ गाडी, काजळी : ०.१५ गुणिले १२,००० म्हणजे १,८००. नवी स्टेज ६ गाडी : ०.०१ गुणिले एक लाख म्हणजे १,०००. म्हणजे आठपट कमी धावूनही मामाजींची गाडी जास्तच धूर सोडते! जुनं इंजिन झिजलेलं असतं हे धरलं तर आकडा आणखी वाढेल. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते गप्प बसले आणि चहा मागवला.

पण गणित इथे संपत नाही. आता स्टेज ४ ची गाडी घ्या, २०१८ मॉडेल, वर्षाला लाख किलोमीटर. काजळी : ०.०२ गुणिले एक लाख म्हणजे २,०००. मामाजींपेक्षा जास्त! नायट्रोजनच्या ऑक्साइडचं बघायचं तर मामाजी ७ गुणिले १२,००० म्हणजे ८४,०००, आणि ही गाडी ३.५ गुणिले एक लाख म्हणजे साडेतीन लाख. चौपट! आणि या गाडीला पासिंगची वाढीव फी किती? शून्य, कारण तिचं वय भरलेलं नाही. दोघांचा धूर एकाच आभाळात जातो, पण जास्तीचं बिल येतं ते कमी धावणाऱ्याला आणि कमी कमावणाऱ्याला. लाख किलोमीटर धावणाऱ्याला १२,५०० रुपये म्हणजे किलोमीटरमागे साडेबारा पैसे. मामाजींना एक रुपया चार पैसे.

आता कुणी म्हणेल, धूर मोजायला पीयूसी आहे की. आहे! जुन्या डिझेल गाडीची पीयूसी कशी होते ते लॅबमध्ये आपण केलंय. न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि सायलेन्सरमध्ये नळी घालून धुराची अपारदर्शकता मोजायची. स्टेज ४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिजची मर्यादा, स्टेज ४ ला ५०. चाचणी तशी वाईट नाही, पण तिच्यात काजळी दिसते, नायट्रोजनचे ऑक्साइड दिसत नाहीत आणि गाडीवर लोड नसतो. शिवाय नळी सायलेन्सरमध्ये न जाताच सर्टिफिकेट बाहेर आलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. (कुठे ते विचारू नका, तुम्हीही पाहिलंय!) म्हणजे धूर मोजायचं जे एकमेव साधन, त्याची ही अवस्था. ते सुधारणं कष्टाचं काम आहे; आरसीवरची तारीख वाचणं सोपं. म्हणून तारीख वाचतात.

'मग जुनी गाडी भंगारात द्या आणि नवी घ्या' हा सल्ला १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालेल्या स्क्रॅप धोरणात आहे. त्यात गाडीचं भंगारमूल्य नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के सांगितलंय. ते सर्टिफिकेट दाखवून नवी गाडी घेतली तर रोड टॅक्समध्ये सूट, खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. इथे मी अडखळलो. जो माणूस हौसेने कार बदलतो त्याला २५, आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला १५? आणि ही सूट फक्त 'नवी' घेणाऱ्याला. ज्याने आयुष्यात नवी गाडी घेतलीच नाही, जो कायम तिसरा मालक, त्याच्या हातात काय? सर्टिफिकेट दुसऱ्याला विकता येतं हे खरं, पण त्याने गाडी येत नाही. बँक जुन्या गाडीला सहसा कर्ज देत नाही. खाजगी फायनान्सवाला देतो आणि त्याच्या व्याजाबद्दल या पानावर न लिहिलेलं बरं.

समजा, मामाजींनी कसंतरी करून वापरलेली स्टेज ६ गाडी घेतली. २०२० साली निघालेल्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात यायला लागल्याच आहेत. पुढचं दुखणं आपल्या अभ्यासाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्टेज ६ च्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो भरला की काजळी जाळून साफ करावा लागतो आणि त्यासाठी धुराचं तापमान साधारण ५५०-६०० डिग्रीपर्यंत न्यावं लागतं. हायवेवर सलग दोन तास पळणाऱ्या गाडीत हे सहज होतं. पण आमगावातल्या गाडीचं काम काय? पंधरा-वीस किलोमीटर जा, मिलच्या रांगेत तीन तास उभी राहा, परत ये. फिल्टर तापत नाही, काजळी जळत नाही, दिवा लागतो, इंजिन ताकद कमी करतं, आणि भरलेली गाडी चढावर बसते. म्हणजे जी गाडी हायवेसाठी उत्तम, ती तिच्या उतारवयात नेमक्या अशा कामाला येणार की ज्या कामात तिचा श्वास कोंडतो. डिझाइन करणाऱ्याने गाडीच्या पहिल्या मालकाचा विचार केला, तिसऱ्याचा केला नाही.

दुसरा भाग युरियाचा. नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला धुरात युरियाचं पाणी फवारतात, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. आता आमच्या गावात युरिया म्हटलं की धानाचं खत. ४५ किलोची सबसिडीची बॅग २६६ रुपये ५० पैशांची, घराघरात पडलेली. 'तोच घोळून टाकला तर?' हा विचार कुणाच्याही डोक्यात येणारच! पण २०१५ पासून शेतीच्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग असतं, आणि तो घोळून टाकला की इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही जायचे. टाकी रिकामी ठेवली तर गाडी ताकद सोडते. मग 'डबी' बसवणारे मिस्त्री भेटतात. ही डबी कॉम्प्युटरला सांगते की फवारणी व्यवस्थित चालू आहे. गाडी पळते, दिवा विझतो, कागदावर स्टेज ६, आणि धूर मात्र कुठल्या स्टेजचा ते देवालाच माहीत. आणि अशा गाडीच्या सायलेन्सरमध्ये पीयूसीवाल्याने नळी अगदी इमानदारीने घातली, तरी तिला नायट्रोजनचे ऑक्साइड दिसणारच नाहीत!

डबी बसवणाऱ्याला चोर म्हणणं सोपं आहे. पण तालुक्याच्या गावात स्कॅनर असलेला मिस्त्री नाही, सेन्सर मिळत नाही, आणि कंपनीच्या वर्कशॉपसाठी गाडी नागपूरला न्यायची. तीही ऐन हंगामात, जेव्हा एक दिवस गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं गेलं आणि हप्ता मात्र गेला नाही. जुन्या गाडीचा पंप मामाजी लिंबाच्या झाडाखाली उघडतात. नव्या गाडीचं बॉनेट उघडून ते नुसतं बघू शकतात.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा नियम आपल्यापेक्षा कितीतरी कडक. तिथे २००८ मध्ये ठरलं की जुने ट्रक टप्प्याटप्प्याने बाद करायचे, आणि २०२३ पासून २०१० च्या आधीच्या इंजिनांना जवळपास दार बंद. पण तीन किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकांना वेगळं, सैल वेळापत्रक दिलं होतं, आणि जुनं इंजिन बदलायला अनुदानाची योजना १९९८ पासून चालू होती. म्हणजे नियम कडक, पण लहान माणसाला वेळ आणि पैसा दोन्ही. आपण नियम आणला. वेळ आणि पैसा तिकडेच राहिला.

माझं म्हणणं इतकंच आहे की फी लावायचीच तर धूर आणि धाव या दोन्हींवर लावा. धाव कळत नाही ही सबब आता चालणार नाही. फास्टॅग आहे, ई-वे बिल आहे, आमच्या धानाला तर केंद्रापासून गोदामापर्यंत प्रत्येक खेपेची सरकारी नोंद असते. भंगाराची सूट सेकंडहँड स्टेज ४ किंवा ६ गाडी घेणाऱ्यालाही द्या, कारण स्टेज २ वरून स्टेज ४ वर येणारा माणूससुद्धा काजळी साडेसातपटीने कमी करतो. ते काही लहान काम नाही. आणि स्टेज ६ ची गाडी कशी दुरुस्त करायची हे तालुक्याच्या आयटीआयमध्ये, स्कॅनर हातात देऊन, मराठीत शिकवा. दिल्लीच्याच बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्टेज ४ आणि पुढच्या गाड्यांवर निव्वळ वयावरून कारवाई नको असं म्हटलं. म्हणजे वयाचा हट्ट तिथेही थोडा सुटला. पण स्टेज सुद्धा कागदावरचीच. धूर अजून कुणी मोजत नाही.

इथे आमच्या डिपार्टमेंटच्या सरांना एक जाहीर विनंती. आपल्या आय.सी. इंजिन लॅबमध्ये स्मोक मीटर आहे. तो वर्षातून दोनदा प्रॅक्टिकलला बाहेर येतो आणि त्याच त्या एका सिंगल सिलिंडर इंजिनाचा धूर मोजून परत कपाटात जातो. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी तो आम्हाला पंधरा दिवस द्यावा. आमगाव-गोंदिया पट्ट्यातल्या मिलच्या रांगेत उभ्या असलेल्या पन्नास गाड्यांचा धूर मोजू, प्रत्येक गाडीचं मॉडेल, स्टेज आणि वर्षाची धाव लिहून घेऊ, आणि वय आणि धूर यांचा ग्राफ काढू. सरळ रेघ आली तर माझा हा सगळा लेख रद्द समजा. राहायची सोय मामाजींकडे, जेवायला भात नक्की. धान नोव्हेंबरमध्ये केंद्रांवर यायला लागतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या आत परवानगी मिळाली तर बरं होईल.